पथकाला एक बाई लागते

रंगराव: सांगून कुणाला पटायचं नाही, पण मार्केट यार्डातला गुळाचा चोर मी मुंगळ्यांकडून धरवला होता.

द्वारका: पटायचं नाही हे माहीत आहे, तर सांगता कशाला?

रंगराव: तुला कोण सांगतंय? तू मेथी निवड. मी सूनबाईशी बोलतोय. उद्या सकाळी ती ओआरला, साहेबांच्या ऑर्डर्ली रूममध्ये अर्ज घेऊन, उभी राहणार, तर निवृत्त हवालदार सासऱ्याचे चार शब्द कानावर पडलेले बरे.

श्रद्धा: उभी राहणार असं मी अजून म्हटलेलं नाही, बाबा.

रंगराव: म्हटलं नाहीस, पण गणवेशाला इस्त्री चाललीय. नेमणूक झालीय त्या तपास पथकात हजर व्हायचं असतं तर गणवेश कशाला? ते लोक साध्या कपड्यांत फिरतात.

श्रद्धा: कुर्तीलाही करून ठेवलीय. दोन्ही तयार असू देत. सकाळी उठून काय ते ठरवीन.

रंगराव: त्यात ठरवायचं काय आहे? सोपं आहे. साहेबांपुढं टोपी घालून उभं राहायचं, सॅल्यूट मारायचा आणि म्हणायचं, साहेब, पोरगी तीन वर्षांची आहे, मला पथकातून काढा आणि पासपोर्टच्या टेबलावर द्या. साहेबही सुटले, तूही सुटलीस. पथकात बाई कुणाला हवी असते? वरून कागद येतो, एक तरी महिला घ्या, म्हणून घेतात. तबकात सुपारी लागते ना, तशी. खायची कुणालाच नसते.

द्वारका: ठाण्यात इतक्या बाया आहेत. सुपारी म्हणून हिलाच का उचललं?

रंगराव: हाताला लागली असेल.

श्रद्धा: खरं सांगायचं तर बाबा म्हणतात त्यात फार चूक नाही, आई. आत्तापर्यंत माझं तेच चाललंय. कुठं छापा असला आणि आरोपी बाई असली की फोन येतो, 'मॅडम, लवकर या, बाई लागते.' गेलं की जीपमध्ये मागं बसायचं, स्टेपनीशेजारी. आरोपीचा हात धरायचा, सही करायची, घरी जायचं. केस कसली म्हणून विचारलं तर 'तुम्हांला काय करायचंय मॅडम?' एरवी दिवसभर कंप्युटर. इतके एफआयआर टाइप केले मी, पण त्यातला एक चोर समोरून पाहिलेला नाही.

द्वारका: आणि आठ मार्चला गुलाब.

श्रद्धा: गुलाब आणि एका दिवसाची खुर्ची. यंदा मला बसवलं ना, एक दिवस ठाणे अंमलदार म्हणून. फोटो झाले, टाळ्या झाल्या. तेवढ्यात एक माणूस आला, त्याची दुचाकी चोरीला गेली होती. मी पेन उचललं, तर आमचे हवालदार म्हणतात, 'उठा मॅडम, आता खरी तक्रार आली.'

रंगराव: मग? बरोबरच बोलला तो. दुचाकी चोरीला गेलेल्या माणसाला आधीच कमी दुःख असतं का?

द्वारका: त्या माणसाची दुचाकी मिळाली का गं?

श्रद्धा: कुठली. हवालदारांनी खरी म्हणून लिहून घेतली आणि खरीखुरी विसरून गेले.

रंगराव: तुम्ही दोघी मिळून मला बोलू देणार आहात का नाही? मी मुंगळ्यांपाशी होतो.

श्रद्धा: सांगा, बाबा. कॉलर होईपर्यंत ऐकते.

रंगराव: तर यार्डात तेव्हा गुळाच्या ढेपा नाहीशा व्हायला लागल्या. रोज. गोदामाला कुलूप तसंच, राखणदार तसाच, आणि ढेप नाही. व्यापारी रडकुंडीला आले. खबर अशी, की चोरणारी बाई आहे. नऊवारीच्या ओच्यात ढेप घालते आणि पोटुशी बाई जावी तशी फाटकातून निघून जाते. राखणदार उलट तिला बाकावर बसायला जागा देत होता.

द्वारका: एवढं खरं आहे.

रंगराव: बघ, साक्षीदार फुटला. आता आरोपी बाई, म्हणजे पथकाला एक बाई लागते. तेव्हा ह्या द्वारकाबाई नव्या शिपाई, आमचं लग्न झालेलं, तुझा नवरा राकेश पाळण्यात. घेतलं हिला. आणि मी? मी हमालाच्या वेशात. डोक्याला फडकं, पाठीवर दोन पोती. इतका बेमालूम, इतका बेमालूम, की एका आडत्यानं माझ्या हातावर हमाली ठेवली आणि दुसऱ्या हमालानं माझी गचांडी धरली, की पाळी त्याची होती.

द्वारका: पाठीवर एक पोतं होतं. त्यात भुसा होता.

रंगराव: भुसा ओला होता. तर मी पाहतो, गोदामाच्या दारातून मुंगळ्यांची रांग निघालेली. काळे, टपोरे. कांद्याच्या ट्रकखालून, तराजूला वळसा घालून, शिस्तीत. मी मनात म्हटलं, रंगराव, ढेप गेली त्या वाटेनं हे चाललेत. चाललो मागोमाग. मधेच एक बैल आडवा आला, तर मुंगळे थांबले. बैल गेला, मुंगळे निघाले. मागं वळून पाहिलं त्यांतल्या एकानं, मी येतोय ना म्हणून.

श्रद्धा: त्याचा जबाब घेतला होता का?

रंगराव: हसतेस काय? कुत्र्यांच्या पथकाला सरकार पगार देतं. मुंगळ्यांनी एक दमडी घेतली नाही. तर ती रांग थेट गेली एका बाईच्या पावलापाशी. बाई रिकाम्या पाट्या रचून त्यावर बसलेली. मी पोतं टाकलं आणि तिचं मनगट धरलं. काय ताकद त्या बाईत. मला फरफटत घेऊन चालली ती गुलटेकडीच्या चढावर. आणि ह्या महिला शिपाई? भिंतीला टेकून, डोळे मिटून उभ्या. तोंडानं रामरक्षा.

द्वारका: ती बाई मी धरली. तिची वेणी माझ्या हातात होती आणि माझा हात तिच्या दातांत. हे बघ श्रद्धा, अंगठ्याच्या वर, अजून दिसतं. आणि हे आणि पथकातले बाकीचे तिघे चहाला गेले होते.

रंगराव: चहाला नाही. टपरीच्या आडोशानं पाळत ठेवून होतो.

द्वारका: पाळत ठेवायला क्रीमरोल लागतो?

रंगराव: हमालाच्या वेशातला माणूस टपरीवर नुसता उभा राहिला तर संशय येतो. तुला पोलिसातलं काय कळतं?

द्वारका: नाही कळत. निवृत्त झाले तरी नाही कळलं. बिनतारीच्या खोलीत जन्म काढला मी. माझ्याबरोबर भरती झालेले कितीतरी फौजदार होऊन गेले. त्यांचे निरोप मीच जोडून द्यायचे. कालपर्यंत ज्याला पट्टा नीट बांधता येत नव्हता, तो वायरलेसवरून म्हणायचा, 'बाई, जरा लवकर बोला.' एकदा विचारलं होतं मी, माझं नाव पुढं का जात नाही? तर म्हणे, तपासाचा अनुभव नाही. आणि तपासाला का घेत नाही? तर म्हणे, बाई आहात.

श्रद्धा: अजून तेच म्हणतात, आई. फक्त आता शेवटी मॅडम लावतात.

रंगराव: अगं, पण वेळेवर घरी येत होतीस ना? राकेशला खोकला झाला, गोवर झाला, तू घरात होतीस. फौजदारांच्या बायकांना विचार, त्यांचे नवरे त्यांनी कधी दिवसाउजेडी पाहिलेत का. सूनबाई, हेच म्हणतोय मी. राकेश रात्रपाळीला, तू रात्री-बेरात्री चोरांच्या मागं. मुक्ताई कुणाकडं बघणार?

श्रद्धा: तीच तर अडचण आहे माझी. रेडची भीती नाही वाटत मला. काल मुक्ताईला अंघोळ घालताना ती म्हणाली, 'आई, तू चोर पकडायला जाणार? मग मला कोण पकडणार?' तिला पकडापकडी म्हणायचं होतं. पण मला रात्रभर झोप नाही.

रंगराव: लेकराच्या तोंडून देव बोलतो.

द्वारका: लेकराला रात्री कुणी शिकवून ठेवलं असेल तर देवाची गरज नसते.

रंगराव: आता तेही माझ्यावर? असू दे. हे बघ पोरी, तुला साहेबांपुढं बोलायला अवघड वाटत असेल, तर मी येतो बरोबर. तुमच्या साहेबांचे वडील माझ्या हाताखाली होते. बाहेर भेटून दोन शब्द टाकतो. तुला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही.

श्रद्धा: तुम्ही कशाला, बाबा?

रंगराव: घरचा माणूस म्हणून. कुणाला काय झेपतं ते घरच्या माणसाला कळतं. हिचंच घे. एका छाप्यात हिचा जीव अर्धा झाला.

श्रद्धा: एकच छापा, आई? पुढं तुम्हांला पथकात ठेवलं नाही?

द्वारका: एकच. चोर धरून दिला, हाताला पट्टी बांधली, ताप भरला म्हणून घरी झोपले. उठून कामावर गेले तर बदली. बिनतारी कक्ष. साहेबांनी काढलं. का काढलं ते कुणी सांगितलं नाही. मी समजले, आपलंच काहीतरी चुकलं असेल. वेणी धरायला नको होती, असं कितीतरी वर्षं वाटायचं मला. कायद्यानं हात धरायचा असतो.

रंगराव: साहेबांनी काढलं नाही तुला. ते बिचारे देवमाणूस. तू स्वतः ओआरला उभी राहिलीस आणि मागून घेतलीस बिनतारी.

द्वारका: मी?

रंगराव: तू. म्हणून तर सूनबाईला सांगतोय, की ह्या घरची रीतच आहे. सासूनं मागून घेतलं, सुनेनं मागून घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

द्वारका: मी ओआरला आयुष्यात उभी राहिले नाही.

रंगराव: तापात होतीस. अंग चटका बसेल असं तापलेलं. मी नको नको म्हणत होतो, तू उठलीस, साडी नेसलीस, गेलीस. तापातलं माणसाला कुठं आठवतं? माझ्या मामानं तापात म्हैस विकली होती. बरा झाल्यावर गोठ्यात जाऊन धारेला बसला.

द्वारका: ताप होता, हे खरं. दोन-तीन दिवस कसे गेले, मला ठाऊक नाही.

रंगराव: मग? मी काय सांगतोय?

द्वारका: मागून घेतलं असेल मी?

रंगराव: घेतलंस. रडत नव्हतीस हो, ते उगाच कशाला सांगू. ताठ उभी राहून मागितलंस.

श्रद्धा: बाबा, मग तेच नीट सांगा ना मला. कशा उभ्या राहिल्या आई, साहेब काय म्हणाले. माझी पहिलीच वेळ आहे. उद्या उपयोगी पडेल.

रंगराव: आता कशी शहाण्यासारखी बोललीस. ऐक. खोली लांबट. दार ओलांडलं की मधे चालायला बरंच अंतर, तिथंच माणूस निम्मा गळतो. आपण गळायचं नाही. साहेबांच्या मागं भिंतीवर पुण्याचा मोठा नकाशा. त्यात आपलं हडपसर मागाहून चिकटवलेलं, तेही जरा वाकडं. त्याच्याकडं नजर ठेवायची, साहेबांच्या डोळ्यांत बघायचं नाही.

श्रद्धा: आणि टेबलावर?

रंगराव: टेबलावर काचेची बरणी. खारे शेंगदाणे. साहेब एकेक दाणा चोळून सालं काढत, सालं एका बशीत, दाणा तोंडात. तुम्ही बोलत असता, ते चावत असतात. घाबरायचं नाही. चावणं थांबलं की समजायचं, निकाल लागला.

श्रद्धा: रायटर कुठं बसतो?

रंगराव: डाव्या हाताला. तेव्हाच्या रायटरला पडसं झालेलं, दर वाक्याला शिंकायचा. साहेब म्हणाले, 'लिहून घे आणि नाकही पूस.' आणि एक लक्षात ठेव. खाली गालिचा. चांगला जाड, लाल. आपण सवयीनं टाच आपटून सॅल्यूट मारायला जातो, तर आवाजच येत नाही. नुसती पायातून झिणझिणी. माणूस तिथं ओशाळतो. तेव्हा उद्या तू आवाजाची वाट बघत बसू नकोस.

श्रद्धा: हे बरं झालं सांगितलंत. आणि साहेब शेवटी काय म्हणाले?

रंगराव: चावायचे थांबले. हात झटकले. म्हणाले, 'बरं केलंस, वेळेत सांगितलंस. घरात एक पोलीस पुरे.' झालं. इतकं सोपं.

श्रद्धा: तुम्ही त्या वेळी कुठं होतात?

रंगराव: मी? बाहेर, बाकावर. आत दुसऱ्याला सोडतात होय? मागणारा, साहेब आणि रायटर. चौथं माणूस नाही. नवरा असला तरी बाहेर.

श्रद्धा: दार उघडं असतं का? म्हणजे तुम्ही उद्या बाहेर असलात तर मला दिसाल तरी.

रंगराव: छे. दार बंद. दार उघडं टाकून कुणी ओआर घेतं का? ती काय भाजी मंडई आहे?

श्रद्धा: बरोबर. मग हे सगळं तुम्हांला आईंनी बाहेर आल्यावर सांगितलं असेल.

रंगराव: तर. घरी येईपर्यंत बोलत होती. इत्थंभूत.

श्रद्धा: अंगात एवढा ताप. गेलेलंही आठवत नाही, इतका ताप. आणि नकाशातलं हडपसर वाकडं आहे, रायटर शिंकतोय, शेंगदाण्याची सालं बशीत आहेत, हे सगळं आईंनी पाहून ठेवलं.

रंगराव: बायकांची नजर बारीक असते.

श्रद्धा: आत्ता अर्ध्या तासापूर्वी त्या डोळे मिटून भिंतीला टेकून होत्या, बाबा.

रंगराव: ते यार्डात. माणूस जागेजागी वेगळं वागतं.

श्रद्धा: असेल. पण नकाशा सांगता येतो दुसऱ्याला. शेंगदाणे सांगता येतात. साहेब 'घरात एक पोलीस पुरे' म्हणाले, तेही समजा आईंनी येऊन सांगितलं, तापात. जाड गालिच्यावर टाच आपटल्यावर पायातून झिणझिणी जाते आणि माणूस ओशाळतो, हे कुणी कुणाला सांगत नाही. ते आपटणाऱ्यालाच माहीत असतं.

(बाहेरून भंगारवाल्याची हाक ऐकू येते.)

रंगराव: मी आपला गालिच्याचा प्रकार सांगत होतो. सगळ्याच साहेबांकडं गालिचे असतात.

द्वारका: तुम्ही दुसऱ्या कशासाठी कधी गेला होतात का हो ओआरला?

रंगराव: गेलो असेन की. इतक्या वर्षांची नोकरी.

द्वारका: नाही गेलात. बढाई मारता ना नेहमी, की कधी साहेबांपुढं काही मागायला उभा राहिलो नाही. मागच्या आठवड्यात पेन्शनरांच्या कट्ट्यावर मारून आलात. मीच तर ऐकलं.

रंगराव: द्वारका, चहा टाकतेस का जरा? घसा कोरडा पडला.

द्वारका: मी झोपले होते. राकेशला माझ्याजवळ निजवून तुम्ही गेलात. म्हणालात, औषध घेऊन येतो.

रंगराव: औषधही आणलं होतं.

श्रद्धा: उद्या मी ओआरला जात नाही, बाबा. तुम्हीही नाही. सकाळी मी पथकात हजर होतेय.

रंगराव: अगं, पण मुक्ताई...

द्वारका: मुक्ताईचं आम्ही दोघं बघू. तू जा. अहो, माझी बदली मागायला आत तुम्ही गेला होतात तर, आणि मी आजवर कधी स्वतःला, कधी त्या साहेबाला शिव्या देत बसले.